विद्यापीठात विद्यार्थ्यांनी चालवलेल्या माध्यमात शिरायचे असेल, तर सुरुवात कुठून करावी?

मोहोळची_वाचक यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या केगाव येथील परिसरात मी यंदाच एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आहे. घर मोहोळला असल्याने रोज एसटीने जाते-येते, आणि प्रयोगशाळेचे तास संपल्यावर परतीच्या गाडीपर्यंत तास-दीड तास हाताशी उरतो. हा वेळ लिहिण्यात घालवावा असे मनात आहे.

पदवीच्या वर्षांत महाविद्यालयाच्या वार्षिकांकात माझे दोन लेख छापून आले होते. पहिला पहिल्या पावसावर होता, तसा तो दरवर्षी कुणाचा ना कुणाचा असतोच. दुसरा गावातल्या विहिरींवर होता आणि त्यासाठी मी खरोखर चार विहिरी फिरून पाण्याची पातळी मोजली होती. तो अंक हातात आला तेव्हा मी महाविद्यालय सोडून दोन महिने झाले होते आणि त्या चारपैकी दोन विहिरी कोरड्या पडल्या होत्या, म्हणजे लेख छापून येईपर्यंतच जुना झाला होता. तेव्हापासून वाटते की, जे आज घडते आहे त्यावर आजच लिहिता यावे आणि ते इथल्याच विद्यार्थ्यांनी वाचावे.

माझ्या शंका साध्या आहेत. परिसरात मास कम्युनिकेशनचा विभाग आहे, पण मी विज्ञान शाखेची. अशा विद्यार्थिनीने तिथे जाऊन विचारणे योग्य दिसेल का? विद्यार्थ्यांचे एखादे पत्र, भित्तीपत्रक किंवा ध्वनिकार्यक्रम दोघा-तिघांनी मिळून सुरू करायचा असेल, तर परवानगी कुणाची घ्यावी? आणि मला पुढे पत्रकारच व्हायचे आहे असेही नाही, तरीही यात वेळ घालणे शहाणपणाचे ठरेल का? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


जुने_भित्तीपत्रक यांचे उत्तर

तुमच्या विहिरींच्या लेखातच तुमच्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे मला वाटते. पण आधी माझा अनुभव सांगतो.

सोलापूर शहरातल्या एका महाविद्यालयात (नाव लिहीत नाही) आम्ही चौघांनी दर पंधरवड्याला एक भित्तीपत्रक काढले. ग्रंथालयाबाहेर काचेची एक पेटी होती, तिची किल्ली ग्रंथालयातल्या सेवकमामांकडे असे. पहिल्या अंकासाठी आम्ही चार कार्डशीट आणले, तीन रंगांत शीर्षक रंगवले, त्यावर सूर्य काढला, सूर्यातून लेखणी काढली आणि शीर्षकाच्या त्या सजावटीत आठ दिवस घालवले. आत काय होते? दोन कविता, तरुणांनी जागे व्हावे असे सांगणारा अग्रलेख आणि कुठल्याशा मासिकातून उतरवून काढलेले सुविचार. पेटीसमोर पहिल्या दिवशी दहा-बारा जण थांबले, आणि त्यांतले निम्मे आमचेच मित्र होते. दुसऱ्या अंकाला तेवढेही थांबले नाहीत.

तिसऱ्या अंकाच्या वेळी मजकूर कमी पडला म्हणून आमच्यातल्या एकाने अभ्यासिकेतले पंखे मोजले. एकूण पंखे १४, चालू ९, तीन बंद, एक आवाज करतो म्हणून मुलांनीच बंद ठेवलेला आणि एकाला पातेच नाहीत, एवढ्या सहा ओळी त्याने लिहिल्या. कुणावर टीका केली नव्हती, विशेषणही वापरले नव्हते. त्या दिवशी पेटीसमोर इतकी गर्दी झाली की मामांना बाहेर येऊन वाट मोकळी करावी लागली. दुसऱ्याच दिवशी कार्यालयातले एक लिपिक आम्हाला शोधत आले आणि म्हणाले, "चालू पंखे दहा आहेत, खिडकीकडच्या पंख्याचे बटण कपाटामागे आहे, तुम्ही ते पाहिलेच नाही." आम्ही जाऊन पाहिले, तर त्यांचे म्हणणे बरोबर होते. पुढच्या अंकात, त्याच जागी, तेवढ्याच आकाराच्या अक्षरांत आम्ही चूक दुरुस्त करून छापली. तेव्हापासून लिपिकमहाशय स्वतःच आम्हाला सांगू लागले की, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत अमुक दिवशी संपते, एवढे तुमच्या कागदावर टाका. पंखे मात्र आम्ही महाविद्यालय सोडेपर्यंत तसेच राहिले, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

तेव्हा माझे मत असे की, नाव, बोधचिन्ह आणि संपादक मंडळ ठरवण्याआधी तुम्ही मोजता येईल असा एक विषय धरा आणि त्यावर तीन अंक काढा. पहिला अंक उत्साहावर निघतो, दुसरा अब्रूसाठी निघतो. तिसऱ्या अंकाच्या वेळी चाचणी परीक्षा आलेली असते, एक जण गावी गेलेला असतो, आणि तरीही तो निघाला तर तुमचे पत्र आहे असे समजायला हरकत नाही.

विज्ञान शाखेबद्दल तुम्ही संकोच करता, त्याचे मला नवल वाटते. ज्या मुलीने विहिरीत दोर सोडून पाणी मोजले तिला बातमीदारी निराळी शिकवावी लागणार नाही. मास कम्युनिकेशन विभागात जरूर जा. त्यांना लिहिणारे विद्यार्थी मिळतात, पण प्रयोगशाळेत नेमके काय चालते ते आतून सांगू शकणारे फार थोडे मिळतात.


रात्रपाळी_उपसंपादक यांचे उत्तर

सोलापुरातल्या एका दैनिकात मी बरीच वर्षे पाने लावतो आहे, त्यामुळे माझे उत्तर थोडे कोरडे वाटेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

वर पंख्यांची गोष्ट सांगितली आहे ती सोळा आणे खरी आहे. विद्यापीठातही मोजण्यासारखे पुष्कळ असते आणि त्यासाठी कुणाच्या दारात ताटकळत बसावे लागत नाही. एक उदाहरण देतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ मध्ये परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि उशिरात उशिरा ४५ दिवसांत निकाल लावावा, अशी तरतूद आहे. प्रत्येक विषयाच्या शेवटच्या पेपरची तारीख वेळापत्रकात असते आणि निकालाची तारीख संकेतस्थळावर असते. या दोन तारखांमधले दिवस मोजून एक तक्ता केला, तर ती बातमी होते. निकाल वेळेत लागले असतील तर तीही बातमीच असते आणि ती तितक्याच आनंदाने छापावी. दुसरे उदाहरण अर्थसंकल्पाचे. विद्यापीठाचा अर्थसंकल्प दरवर्षी अधिसभेपुढे, म्हणजे सिनेटपुढे, मांडला जातो. त्यात विद्यार्थी कल्याणासाठी, ग्रंथालयासाठी, क्रीडेसाठी किती तरतूद केली आहे आणि मागच्या वर्षी त्यातले किती खर्च झाले, हे दोन स्तंभ शेजारी-शेजारी ठेवून वाचण्याची सवय विद्यार्थिदशेतच लागली तर आम्हाला कार्यालयात ती लावत बसावे लागणार नाही.

जे कागद सहज मिळत नाहीत त्यांच्यासाठी माहितीचा अधिकार आहे. सार्वजनिक विद्यापीठाला २००५ चा तो कायदा लागू आहे. अर्जाला १० रुपये शुल्क पडते आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. म्हणजे "विद्यापीठातील सर्व गैरसोयींची माहिती मिळावी" असला अर्ज करू नये, तो परत येतो आणि मग आपणच चिडतो. मात्र अर्ज हे शेवटचे साधन समजावे. आधी संबंधित कार्यालयात जाऊन नम्रपणे विचारावे. दहापैकी सात वेळा माहिती टेबलावरच मिळते.

परवानगीबद्दल तुम्ही विचारले आहे. परिसराच्या भिंतीवर किंवा सूचनाफलकावर काही लावायचे असेल तर ती भिंत ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची, म्हणजे विभागप्रमुखांची किंवा विद्यार्थी विकास विभागाची, लेखी संमती घ्यावी. त्यात कमीपणा नाही. छापील नियतकालिकाची गोष्ट वेगळी आहे. सार्वजनिक घडामोडींच्या बातम्या किंवा त्यांवरील भाष्य असलेले आणि ठरावीक काळाने छापून प्रसिद्ध होणारे पत्र नोंदणीच्या कायद्याखाली येते. १८६७ पासून चालत आलेला जुना कायदा जाऊन त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा आला आणि तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला. शास्त्रीय आणि शैक्षणिक स्वरूपाच्या पत्रिका त्यातून वगळलेल्या आहेत. तुमचा हाताने लिहिलेला कागद या फंदात पडत नाही, आणि म्हणूनच सुरुवात त्याने करावी. शंभर-दोनशे प्रती नियमित छापून परिसराबाहेर वाटण्याचा विचार कधी आलाच, तर त्या वेळी एखाद्या जाणकाराकडून नोंदणीचे नीट समजून घ्यावे.

आता दोन धोके सांगतो. बदनामीचा गुन्हा विद्यार्थ्याला लागत नाही, असे मुले समजतात. तसे काही नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३५६ मध्ये आहे. एखाद्या व्यक्तीवर आरोप करणारे वाक्य लिहिण्यापूर्वी तुमच्या हातात कागद आहे का आणि त्या व्यक्तीला तुम्ही तिची बाजू विचारली आहे का, हे दोन प्रश्न स्वतःला विचारा. एकाचेही उत्तर नकारार्थी असेल तर ते वाक्य त्या दिवशी छापू नका. दुसरे म्हणजे लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडित व्यक्तीचे नाव किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील, म्हणजे विभाग, वर्ग, गाव, वसतिगृहाची खोली, यांतले काहीही देऊ नये. "नाव तर दिले नव्हते" हा बचाव होत नाही, कारण ४० जणांच्या वर्गात "दुसऱ्या वर्षातील अमुक तालुक्याची विद्यार्थिनी" एवढे लिहिले की सगळ्यांना सगळे कळते.

शेवटी नावांच्या शुद्धलेखनाबद्दल सांगतो; हा माझा जुना दुखरा भाग आहे. युवा महोत्सवाचे निकाल रात्री साडेनऊला येतात, तीस-पस्तीस स्पर्धांची यादी असते आणि ती कुणीतरी घाईत मोबाइलवर टाइप केलेली असते. आपल्या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे आहेत. गड्डम, येमूल, चिप्पा, बिराजदार, हत्तुरे ही आडनावे ज्याला कानाने ओळखता येत नाहीत त्याच्या हातून ती हमखास बिघडतात. एकदा पहिल्या क्रमांकाच्या मुलाचे आडनाव आमच्याकडून चुकीचे गेले. त्याचे वडील यंत्रमागावर काम करणारे. ते दुसऱ्या दिवशी अंक हातात घेऊन कार्यालयात आले. भांडायला आले नव्हते. "कात्रण फ्रेम करायचे होते, नाव दुरुस्त करून एक प्रत मिळेल का," एवढेच विचारत होते. छापलेला अंक दुरुस्त करून देता येत नाही, हे त्यांना सांगताना मला जे वाटले ते मी अजून विसरलेलो नाही. तुम्ही विद्यापीठात ११ तालुक्यांतून आलेल्या मुलांबद्दल लिहिणार आहात. नाव प्रत्येकाच्या स्वतःच्या हाताने कागदावर लिहून घ्या.


नियतकालिक_समिती यांचे उत्तर

मी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि काही वर्षांपासून वार्षिकांकाच्या संपादनाची जबाबदारी माझ्याकडे आहे. वार्षिकांकाबद्दल वर जे सूचित झाले आहे त्यावर दोन शब्द बोलणे मला भाग आहे.

अंक उशिरा निघतो ही तक्रार रास्त आहे. लेख मागवण्याची सूचना ऑगस्टच्या सुमारास लागते. दिवाळीपर्यंत मुदत दोनदा वाढवली जाते. मग युवा महोत्सव, स्नेहसंमेलन आणि परीक्षा येतात आणि मुद्रणालयाकडे मजकूर जाईपर्यंत उन्हाळा लागलेला असतो. त्यात अक्षरजुळणीचा घोळ वेगळाच. विद्यार्थी मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहून पाठवतात, मुद्रणालयात जुना फॉन्ट असतो, आणि रूपांतर करताना जोडाक्षरांची दाणादाण उडते. एका वर्षी संपूर्ण कविताविभागात "र्‍या" या अक्षराच्या जागी चौकोन उमटले होते. "तुझ्या दुसऱ्या घराच्या पायऱ्यांवर" या ओळीत दोन शब्द वाचता आले, दोन ठिकाणी खिडक्या दिसल्या. तिसऱ्या मुद्रितापर्यंत (प्रूफपर्यंत) ते कुणाच्याही लक्षात आले नाही, कारण तिसरे मुद्रित वाचायला विद्यार्थी संपादक नव्हते. ते परीक्षेला बसले होते.

तरीही वार्षिकांक टाकाऊ नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी असे त्याचे विभाग असतात, विभागवार विद्यार्थी संपादक असतात, आणि मुद्रितशोधन, पृष्ठमांडणी, छायाचित्रांच्या ओळी लिहिणे ही सगळी कामे शिकायला मिळतात. विद्यापीठ पातळीवर नियतकालिकांच्या स्पर्धा होतात त्यांत अनुक्रमणिकेपासून मलपृष्ठापर्यंत परीक्षण होते. तुमच्या विहिरींच्या लेखासारखे लेख मला वर्षाला एक-दोनच मिळतात आणि ते मिळावेत म्हणून मी वर्गावर्गांत जाऊन विनवण्या करतो. बातमीला वार्षिकांक उपयोगाचा नाही, हे मान्य. सहा महिने खर्चून केलेल्या लेखाला मात्र तो योग्य जागा आहे.

दुसरा मुद्दा थोडा मतभेदाचा आहे. प्रसिद्ध होण्यापूर्वी मजकूर एखाद्या प्राध्यापकाने वाचावा, असे माझे ठाम मत आहे. विद्यार्थ्यांना यात सेन्सॉरशिप दिसते, पण बदनामी, ओळख उघड होणे किंवा सरळ चुकीची माहिती यांपासून त्यांना वाचवणारे कुणीतरी असावे लागते. काही अडचण आली तर विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभे राहणारे नावही लागते. त्यासाठी असा प्राध्यापक निवडावा, जो तुमच्या विभागाचा प्रमुख नाही आणि ज्याच्या हातात तुमचे अंतर्गत गुण नाहीत.


जुने_भित्तीपत्रक यांचे उत्तर

सरांचा शेवटचा मुद्दा मला अर्धाच पटतो, म्हणून पुन्हा लिहितो आहे. आमच्याही पत्रकाला एक सल्लागार प्राध्यापक होते आणि ते उत्तम गृहस्थ होते. त्यांनी आमचा एकही शब्द खोडला नाही. पण पंख्यांची बातमी त्यांच्याकडे आधी गेली असती तर "पोरांनो, मी कार्यालयात बोलतो, छापायची काय गरज," असे ते प्रेमाने म्हणाले असते आणि आम्हीही मान डोलावली असती. बातम्या बहुतेक वेळा अशा प्रेमानेच थांबतात, रागाने क्वचित. म्हणून आमच्यात पुढे असे ठरले की, सरांनी वाचावे, चूक दाखवावी, धोका सांगावा; छापायचे की नाही याचा निर्णय मात्र आम्हा चौघांचा, आणि परिणामही आमचा. हे एका कागदावर लिहून दोन्ही बाजूंनी सह्या केल्या होत्या. सुरुवातीलाच केले म्हणून जमले. भांडण झाल्यावर असा कागद होत नाही. पवईच्या आयआयटीत "इनसाइट" नावाचे माध्यम विद्यार्थी चालवतात. हे मोठ्या संस्थांनाच परवडते असे म्हणणारे भेटतील, तेव्हा त्यांना आमच्या काचेच्या पेटीची आठवण करून द्या.

आणि एक अवांतर. आपल्या शहरात एका चौकात चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. १९३० च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या त्या चौघांपैकी कुर्बान हुसेन हे "गझनफर" नावाचे पत्र चालवत असत, ही गोष्ट त्या चौकातून रोज जाणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसते. ऐन तारुण्यात पत्र चालवण्याची पद्धत सोलापूरला नवी नाही, एवढेच सांगायचे होते.


चादरीखालचा_स्टुडिओ यांचे उत्तर

तुम्ही प्रश्नात ध्वनिकार्यक्रमाचा उल्लेख केला आहे, म्हणून मी लिहितो. मी सध्या पदव्युत्तर दुसऱ्या वर्षाला आहे आणि आम्ही दोघे मित्र महिन्यातून दोनदा वीस मिनिटांचा पॉडकास्ट काढतो.

सामुदायिक रेडिओ आणि पॉडकास्ट यांत मुले गल्लत करतात. शिक्षणसंस्थांना सामुदायिक रेडिओ केंद्र चालवण्याची मुभा केंद्र सरकारने २००२ च्या अखेरीस दिली आणि चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र २००४ मध्ये सुरू झाले. ते देशातले पहिले. त्यासाठी संस्थेने केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे अर्ज करावा लागतो, प्रक्षेपण १०० वॅटच्या मर्यादेत असते, त्यामुळे आवाज साधारण पाच-दहा किलोमीटरच्या परिघातच पोहोचतो, आणि स्वतःच्या बातम्या देण्यावर निर्बंध असतात. म्हणजे हे काम संस्थेचे. विद्यार्थ्यांना त्यात निवेदन, मुलाखती, तांत्रिक साहाय्य अशी कामे करता येतात आणि पुण्यातल्या विद्यापीठाच्या "विद्यावाणी" केंद्रात ती होतातही. पॉडकास्टला मात्र एक मोबाइल आणि एक शांत खोली पुरते.

शांत खोली ही वसतिगृहात सर्वांत दुर्मीळ वस्तू असल्यामुळे आम्ही जो उपाय काढला तो सांगतो. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवायच्या, वरून दोन सोलापुरी चादरी टाकायच्या, मोबाइल मधोमध वहीवर उभा करायचा आणि दोघांनी आत डोके घालून बोलायचे. खोलीतला घुमणारा आवाज बराच कमी होतो. एप्रिल-मे महिन्यांत आतून घामाच्या धारा लागतात, त्यामुळे आमचे उन्हाळ्यातले भाग आपोआप लहान होतात, आणि श्रोत्यांना तेच अधिक आवडतात असे दिसते.

आमचा सगळ्यात चांगला भाग सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका विडी वळणाऱ्या आजींचा होता. आजी मराठी समजतात, पण मनातले तेलुगूत बोलतात. माझ्या मित्राची मातृभाषा तेलुगू, त्यामुळे प्रश्न मराठीत, उत्तर तेलुगूत आणि मग मराठीत सारांश, अशी रचना ठेवली. आम्ही आधी आजींचे तेलुगू कापून फक्त भाषांतर ठेवले होते. ऐकून पाहिले तर भाग निर्जीव झाला होता. परत आजींचा आवाज घातला आणि मागे सुपातल्या तंबाखूचा सळसळाट येत होता तोही तसाच ठेवला. ध्वनिमुद्रणापूर्वी हे कुठे ऐकू येणार आहे, कोण ऐकणार आहे, हे आजींना त्यांच्या सुनेसमोर समजावून सांगितले होते. तयार झाल्यावर सर्वांत आधी त्यांनाच ऐकवले आणि त्यांच्या सांगण्यावरून एक वाक्य काढून टाकले. ते वाक्य फार चांगले होते, पण ते त्यांचे होते.

एक सावधगिरी सुचवतो. पार्श्वसंगीत म्हणून चित्रपटातली गाणी घालू नका. स्वामित्वहक्काच्या कारणावरून आमचा पहिला भागच संकेतस्थळावरून उतरवला गेला होता. मित्राच्या बहिणीने पेटीवर दीड मिनिटाची एक धून वाजवून दिली, ती आम्ही अजून वापरतो.


मोहोळची_वाचक यांचे उत्तर

इतक्या आपुलकीने आणि सविस्तर उत्तरे मिळतील असे वाटले नव्हते. सर्वांची मनापासून आभारी आहे.

गेल्या आठवड्यात मी धीर करून मास कम्युनिकेशन विभागात गेले. तिथल्या एका मॅडमनी पहिल्या पाच मिनिटांतच विचारले, "तुमच्याकडे विषय काय आहे?" मी नेमके उत्तर देऊ शकले नाही, कारण तोपर्यंत माझ्या डोक्यात पत्राचे नावच घोळत होते. इथली उत्तरे आधी वाचून गेले असते तर बरे झाले असते. तरी त्यांनी माझी गाठ त्यांच्या एका विद्यार्थिनीशी घालून दिली. ती बार्शीची आहे आणि तिलाही परतीच्या गाडीची वाट पाहावी लागते. दोघींनी मिळून असे ठरवले आहे की, दर दुसऱ्या सोमवारी ए-फोर आकाराचा एकच कागद, एका बाजूने हाताने लिहिलेला, आमच्या दोन विभागांच्या फलकांवर लावायचा. नाव अजून ठेवलेले नाही.

पहिला विषय म्हणून आम्ही परतीच्या प्रवासाचा घेतला आहे. पाच दिवस, दुपारी चार ते सात या वेळेत विद्यापीठाजवळच्या थांब्यावर कोणत्या दिशेची गाडी किती वाजता थांबली आणि किती विद्यार्थी चढू शकले, याची नोंद करायची. पहिल्या दोन दिवसांची नोंद झाली आहे. माझ्या प्रयोगवहीच्या मागच्या पानांवर स्तंभ आखले आहेत, त्यामुळे थांब्यावरच्या मुलांना आम्ही एसटीकडून तपासणीला आलो आहोत असे वाटले आणि एका काकांनी तर आमच्याकडे जादा गाडीची मागणीच केली.

आता दोन अडचणी आहेत. पहिली अशी की, काल सायंकाळी एक गाडी न थांबता गेली. गाडीचा क्रमांक आम्ही टिपला आहे. तो छापावा का? दुसरी, आम्ही दोघी मुली आहोत आणि सातपर्यंत थांब्यावर उभे राहण्याला घरून आक्षेप आहे.


रात्रपाळी_उपसंपादक यांचे उत्तर

क्रमांक या टप्प्यावर छापू नका. एक गाडी एकदा थांबली नाही याला शंभर कारणे असू शकतात. ती आधीच गच्च भरलेली असेल, विनाथांबा असेल. पाच दिवसांत किती गाड्या थांबल्या आणि किती थांबल्या नाहीत एवढे छापा, आणि त्याआधी सोलापूर बसस्थानकावर जाऊन त्या थांब्याला अधिकृत थांबा कोणत्या गाड्यांना आहे याची माहिती विचारून घ्या. ती न विचारता तुमचा तक्ता लंगडा राहील. उत्तर देणाऱ्याचे पद आणि विचारल्याची तारीख कागदावर लिहा.

घरच्यांचा आक्षेप मोडून काढू नका. सहा ते सात या वेळेची नोंद वसतिगृहातल्या मुलांकडे सोपवा आणि त्यांची नावे कागदाच्या तळाशी तुमच्या बरोबरीने लिहा. एरवीही दोघींवर पाच दिवसांचे काम फार होते. शनिवारी दुपारी मला कार्यालयात थोडी सवड असते. कच्चा कागद तयार झाला की त्याचा फोटो इथेच टाका. मजकुराला हात न लावता फक्त आकड्यांच्या बेरजा तपासून देईन.